जुन्या डिझेल पिकअपचा स्लो (रेस न देता इंजिन चालतं तो वेग) बिघडलाय: पंप उतरवायचा की आधी नोझल बघायचं?

मंडळी, गाडी वडिलांची. २००९ चं पिकअप, चार सिलिंडरचं टर्बो डिझेल, रोटरी पंपाचं, म्हणजे एकच फिरता पंप चारही नोझलना (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे इंजेक्टर) डिझेल पुरवतो. कॉमन रेल (कॉम्प्युटरने चालणारी नवी डिझेल पद्धत) नाही, त्यामुळे स्कॅनर लावून काही कळायची सोय नाही. दिंडोरीकडचा भाजीपाला पंचवटीच्या मार्केट यार्डात नेणं, हंगामात टोमॅटोचे क्रेट, एवढंच तिचं काम.

सकाळी स्टार्ट केली की गाडी अंगात आल्यासारखी हलते. पांढरा धूर निघतो आणि कच्च्या डिझेलच्या वासाने डोळे चुरचुरतात. दोन-चार किलोमीटर चालली की धूर जातो, पण न्यूट्रलला उभी केली की थरथर आहेच. रेस देऊन बाराशे आरपीएमच्या (मिनिटाला फेरे) वर नेलं की सगळं शांत. गेल्या पंधरवड्यात यार्डाच्या रांगेत दोनदा बंद पडली. वडील एकसष्ट वर्षांचे आहेत, पहाटे चारला एकटे निघतात. अंधारात भरल्या गाडीनिशी मध्येच अडकले तर काय, या विचाराने मला झोप लागत नाही.

आतापर्यंत केलेलं सांगतो. डिझेल फिल्टर बदलला, खालचं पाणी काढलं. रात्रभर उभी राहिली की हॅन्डपंप मारावा लागायचा, म्हणून फिल्टर आणि पंपाच्या मध्ये पारदर्शक नळी लावून पाहिली, तर बुडबुडे दिसले. टाकीकडून येणारा रबरी पाईप कडक होऊन चिरला होता, तिथून एअर घेत होती. पाईप आणि क्लिपा नव्या टाकल्यावर स्टार्टिंग सुधारलं. चारपैकी एक हीटर प्लग (गार इंजिन सुरू होताना तापवणारा) मेला होता, तोही बदलला, धूर निम्मा झाला. इंजिनाचे फाउंडेशन रबर ठीक आहेत. थरथर मात्र जशीच्या तशी.

तिच्यात एक ठेका आहे. ८०० आरपीएमला फोर-स्ट्रोक इंजिनाचा एक सिलिंडर मिनिटाला ४०० वेळा पेटतो, म्हणजे सेकंदाला साडेसहा-सात वेळा. धक्के साधारण त्याच चालीचे वाटले, म्हणून एकच सिलिंडर मिसिंग मारत (नीट पेटत नसेल) असा अंदाज केला. मग इंजिन स्लोवर ठेवून नोझलच्या पाइपांचे नट एकेक करून सैल केले. एक, दोन, चार नंबरला इंजिन लगेच खाली बसलं. तीन नंबरला काहीच फरक नाही. (हे करून बघणाऱ्यांनी चष्मा-हातमोजे घालावेत आणि धारेसमोर हात अजिबात नेऊ नये. दाबाखालचं डिझेल कातडीत घुसतं.)

आमचे नेहमीचे मिस्त्री म्हणतात, पंप उतरवून पूर्ण काम करावं लागेल, वीस-बावीस हजार धरा. माझं मन इथेच अडतंय. रोटरी पंपात एकच प्लंजर (डिझेल ढकलणारा दांडा) चारही सिलिंडरला डिझेल देतो. तो झिजला असता तर चौघांनाही कमी मिळालं असतं, एकटा तीन नंबर कसा मरेल? डिलिव्हरी व्हॉल्व्ह (पंपातून नोझलकडे डिझेल सोडणारी झडप) प्रत्येकाचा वेगळा असतो हे मान्य, पण त्यासाठी अख्खा पंप उघडायचा का? मध्यंतरी त्यांनी स्लोचा स्क्रू फिरवून आरपीएम हजारावर नेला होता. थरथर झाकली गेली, दुखणं तिथेच राहिलं. ज्यांनी हे काम हाताने केलंय त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद:
भाऊ, पंपाला हात लावू नका. दोन आणि तीनची नोझल अदलाबदल करा. आदल्या रात्री बुडाशी गंज सोडवायचं तेल मारून ठेवा, नाहीतर निघताना त्रास देतील. बसवताना तांब्याचे वॉशर नवेच घ्या, खालची जागा काजळीपासून साफ करा. जुना वॉशर परत दाबला तर तिथून कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गळतं आणि आपण नवीनच दुखणं शोधत बसतो. मिसिंग दोन नंबरला गेलं तर नोझल. तीनलाच राहिलं तर आधी टॅपेट (इंजिनाच्या झडपांची गॅप), मग कॉम्प्रेशन, मग डिलिव्हरी व्हॉल्व्ह. पंप सगळ्यात शेवटी. आणि स्लो वाढवून ठेवला असेल तर पहिला मूळ जागी आणा, नाहीतर काहीच नीट ऐकू येणार नाही.

धागाकर्त्याकडून, रविवार रात्र:
दादा, तुमचे फार आभार. अदलाबदल केली आणि मिसिंग सरळ दोन नंबरला गेलं! चारही नोझल डिझेलवाल्याकडे टेस्टिंग मशीनवर लावली. तिघांचा फवारा धुक्यासारखा बारीक, त्या एकाची सरळ धार आणि टोकाला थेंब लोंबतोय. गार इंजिनात ते डिझेल नीट जळतच नव्हतं, म्हणून पांढरा धूर. त्याचं टोक नवं टाकलं, बाकी तिघांचं प्रेशर सारखं करून घेतलं, वॉशर सगळे नवे. पंपाच्या तुलनेत खर्च किरकोळ झाला. स्लोचा स्क्रू जुन्या खुणेवर आणलाय.

संध्याकाळी वडिलांनी स्टार्ट केली, गिअरच्या दांड्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तसेच बसून राहिले. मग म्हणाले, "आता हिला ओळखलं."

टॅपेट अजून पाहिलेले नाहीत. थोडी टकटक येते. गाडीचं मॅन्युअल आमच्याकडे नाही आणि अंदाजाने गॅप ठेवायची नाही. २००९ च्या आसपासच्या रोटरी पंपाच्या पिकअपचं मॅन्युअल कुणाकडे असेल तर इंजिनाचं मॉडेल व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो, टॅपेट गॅपचं पान पाठवाल का? गॅप गार इंजिनावर मोजायची की गरम, तेही त्यात बघून सांगा.