पाडव्याला मास्क सुटला, शाळेच्या परिपत्रकातून कधी सुटणार?

कोथरूडचा बाबा:

शनिवारी पाडव्याला गुढी उभारली, श्रीखंड झालं, आणि संध्याकाळी दोन वर्षांनी पहिल्यांदा लक्ष्मी रोडला मास्क खिशात ठेवून फिरलो. ३१ मार्च २०२२ ला सरकारने सांगितलंच होतं की २ एप्रिलपासून सगळे निर्बंध उठले, मास्क ऐच्छिक. आणि काल रविवारी रात्री शाळेच्या ग्रुपवर परिपत्रक आलं. मास्क सक्तीचा, नसेल तर गेटवरून परत. संमतीपत्र पुन्हा भरा (आमचं हे चौथं). डबा आपल्या बाकावर समोर बघून खायचा, कुणाला द्यायचा नाही. आणि सगळ्यात खाली ठळक अक्षरात, या सत्रात शंभर टक्के हजेरी असणाऱ्यांना प्रशस्तिपत्र!

माझी मुलगी दुसरीत आहे. मोठ्या शिशुत असताना मार्च २०२० ला शाळा बंद झाली, पहिली सगळी मोबाईलवर, दुसरीची शाळा १६ डिसेंबरला उघडली ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ओमायक्रॉनने परत बंद, मग १ फेब्रुवारीला परत चालू, ते पण आधी चारच तास. बाईंचा पूर्ण चेहरा तिने फक्त स्क्रीनवर बघितलाय, प्रत्यक्ष भेटल्या तेव्हा नुसते डोळे. परवा शुद्धलेखनात 'फणस'चं 'पनस' लिहून आणलं. तिला तसंच ऐकू येतं, कारण फ म्हणताना ओठ कसे होतात हे तिला दिसतच नाही ना.

केंद्राच्या आरोग्य खात्यानेच जानेवारीत सांगितलंय की ५ वर्षांपर्यंत मास्क नको, ६ ते ११ ला मुलाला नीट वापरता येत असेल तर मोठ्यांच्या देखरेखीत, १२ पासून मोठ्यांसारखा. म्हणजे लहान वर्गांना सक्तीचा आधार काय? माझं म्हणणं एवढंच आहे की नियम हवेत तर कामाचे करा, खिडक्या उघडा, आजारी पोराला घरी ठेवायला सांगा. इथे नेमकं उलटं चाललंय, थर्मामीटरची बंदूक कपाळाला लावायची आणि वर शंभर टक्के हजेरीचं बक्षीस द्यायचं.

डबा नंबर दोन:

सॉरी पण मला हे पटलेलं नाही. आमच्याकडे सासूबाई आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातात, मुलगा चौथीत आहे, नऊ वर्षांचा. त्याच्या वयाला लसच नाही अजून, १२ ते १४ ला १६ मार्चपासून चालू झाली तीच आत्ता. घर दोन खोल्यांचं, तो आजीच्या शेजारी झोपतो. तुम्ही ऐच्छिक ऐच्छिक म्हणताय म्हणजे माझ्या घरची जोखीम तुमच्या इच्छेवर, असंच ना? माझ्या मुलाने एकट्याने मास्क लावला आणि बाकीच्या चाळीस जणांनी नाही लावला तर त्या मास्कचा मला किती उपयोग आहे ते सांगा. शाळेने सक्ती ठेवली तर मी त्यांचे आभार मानेन. फणस काय, पुढच्या वर्षी पण येईल लिहिता.

कोथरूडचा बाबा:

फणसावरून टोमणा मारलात तो घेतला. पण डब्याच्या वेळी चाळीसच्या चाळीस मास्क एकदमच निघतात ना, बंद खोलीत, अर्धा तास? त्या अर्ध्या तासाचं परिपत्रकात काय आहे, तर समोर बघून खा. हवेला काय माहीत पोरगं समोर बघतंय का बाजूला.

डबा नंबर दोन:

मग डबा व्हरांड्यात खायला सांगा की. अर्धा तास निघतो म्हणून उरलेले पाच तास पण काढा हा कुठला हिशोब?

सिंहगड रोड:

खिडक्या उघडा म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्या शाळेत येऊन बसून दाखवा. रस्त्याला लागून इमारत, उड्डाणपुलाचं काम चालू, खिडकी उघडली की धूळ, हॉर्न आणि ड्रिलचा आवाज, बाईंना ओरडून शिकवावं लागतं आणि मुलं दुपारपर्यंत खोकायला लागतात. मग तो खोकला कसला हे कोण ठरवणार? मास्क राहू दे ना, धुळीला तरी उपयोगी. तसंही पुण्यातल्या मुली कोरोनाच्या आधीपासून स्कार्फ गुंडाळूनच स्कूटीवर फिरतायत, कुणी हक्क गेला म्हणून धागा काढला नव्हता.

आणि ते सहा फुटांचं अंतर वगैरे मला कायम विनोदी वाटत आलंय. ऑक्टोबरला आठवी ते बारावी उघडली तेव्हा एका बाकावर एक मूल, आणि तीच मुलं शाळेत आली कशी, तर व्हॅनमध्ये बाराजण कोंबून, दप्तरं मांडीवर घेऊन.

कोथरूडचा बाबा:

स्कार्फ अर्ध्या तासाचा असतो हो आणि आपल्या मर्जीचा. धुळीचं मान्य, पण रस्त्याची बाजू बंद ठेवून पॅसेजची दारं आणि वरचे झरोके उघडे ठेवता येतात, एक एक्झॉस्ट पंखा कितीला येतो? शाळेने सॅनिटायझरचे पायाने दाबायचे स्टँड घेतलेत ते आता छत्र्या अडकवायच्या कामाचे. हा रोग मुख्यतः हवेतून पसरतो हे कळून वर्ष झालं, अजून आपण बाकं पुसतोय.

पेठेतला म्हातारा:

आमच्या पुण्याला हे नवीन नाही. ऑगस्ट २००९ आठवतो का कुणाला? स्वाईन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू इथलाच, चौदा वर्षांची शाळकरी मुलगी. शाळा, कॉलेजं, थिएटरं बंद, नायडू हॉस्पिटलबाहेर रांगा, सगळं शहर तोंडाला रुमाल बांधून. माझा नातू तेव्हा दुसरीत होता, आता इंजिनीअरिंगला आहे. शाळा परत उघडली तेव्हा त्याच्या बाईंनी डायरीत दोन ओळी लिहून पाठवल्या होत्या, ताप सर्दी असेल तर सात दिवस घरी ठेवावे, अभ्यास बुडाल्यास आम्ही भरून काढू. संपलं. संमतीपत्र नाही, हमीपत्र नाही. आत्ताच्या संमतीपत्रात सहीच्या वर काय लिहिलंय ते नीट वाचा जरा, बहुतेकांत अर्थ एकच असतो, मूल आजारी पडलं तर जबाबदारी तुमची. काळजी कमी आणि वकिली जास्त.

खडूफळा:

मी मनपाच्या शाळेत शिकवते, तिसरी, पट बावन्न. तुम्ही सगळे मास्कवर भांडताय म्हणून सांगते वर्गात काय होतं. पहिल्या तासाला मास्क नाकावर, दुसऱ्याला हनुवटीवर, मधल्या सुट्टीनंतर अदलाबदल. हो, अदलाबदल. एकाकडे छोटा भीमवाला आहे, तो सगळ्यांना एकेकदा हवा असतो. मी दिवसभर नाक वर नाक वर करत बसले तर शिकवू कधी?

बाबा, तुमचं आजारी मुलाला घरी ठेवा हे बोलायला सोपंय. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या आया धुणीभांडी करतात, एक दिवस खाडा म्हणजे पैसे कापले, दोन दिवस म्हणजे काम गेलं. त्या सकाळी क्रोसिन पाजून पाठवतात, अकराला गोळी उतरते आणि पोर बाकावर डोकं ठेवतं. तुमची ती बंदूक सकाळी आठला नॉर्मलच दाखवते. मी फोन केला तर आई म्हणते बाई बसू द्या ना तिथंच कोपऱ्यात, घरी कोण आहे. त्यात चूक तिची नाही. नियम करायचाच तर शाळेत एक हवेशीर खोली आणि एक माणूस द्या अशा मुलांसाठी, त्याबद्दल कुठल्याच परिपत्रकात ओळ नाही.

आणि खरं दुखणं वेगळंच आहे. तिसरीतली मुलं, पण शाळा अशी त्यांनी नीट बघितलीच नाही, पहिलीच्या शेवटाला लॉकडाऊन लागला. बावन्नातल्या एकोणीस जणांना अजून साधा परिच्छेद वाचता येत नाही. ज्यांना पूर्वी येत होतं त्यांचं पण गेलंय. गेल्या ऑगस्टमध्ये पंधरा राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या गरीब वस्त्यांत पाहणी झाली होती, त्यात नियमित ऑनलाईन शिकणारी मुलं शहरांत २४ टक्के आणि खेड्यांत ८ टक्के निघाली. 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' म्हणायला छान होतं. आमच्याकडे घरात एक फोन, तो वडलांबरोबर रिक्षात.

आंबेगावची मावशी:

बाईंना शंभर मार्क! पण मग मला सांगा एप्रिलभर पूर्णवेळ शाळेचा जो आदेश आलाय, पहिली ते नववी आणि अकरावी, त्याला तुमचे शिक्षकच का विरोध करतायत? शिकायचं बुडलंय म्हणता आणि शिकवायला सांगितलं की उन्हाळा आठवतो.

खडूफळा:

आठवतोच. पत्र्याचं छप्पर आहे आमच्या वरच्या मजल्याला, पुण्यात एप्रिलला अडतीस एकोणचाळीस सहज होतं, म्हणून तर आजवर मार्चपासून सकाळची शाळा असायची. दुपारी तीनला बावन्न मुलं, दोन पंखे, त्यातला एक आवाज करणारा, आणि वर मास्क! तिथे काय वाचन शिकवणार? सकाळी सात ते साडेअकरा द्या, मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आनंदाने येईन, उजळणी घेईन. तास मोजू नका, कधी आहेत ते बघा. परीक्षा पण एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, त्यानंतर मुलं येतात का ते तुम्हीच सांगा, अर्धी गावाला गेलेली असतात.

आंबेगावची मावशी:

तेही खरंय. आमचंच साताऱ्याचं रिझर्व्हेशन २३ चं आहे.

सिंहगड रोड:

हाहा. घ्या.

डबा नंबर दोन:

खडूफळाताई, तुमचं वाचून जरा गप्प झाले. माझा मुद्दा मी सोडत नाही, पण एक कबूल करते. फेब्रुवारीत मुलाला सर्दी होती तरी पाठवला होता, युनिट टेस्ट होती आणि एकही खाडा नव्हता, त्याला ते प्रशस्तिपत्र हवं होतं म्हणून रडत होता. घरी सासूबाई असताना मी त्याला मास्क लावून पाठवला आणि मनाचं समाधान करून घेतलं. दुसऱ्याच्या घरी पण कोणी आजारी असेल हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

कोथरूडचा बाबा:

हे लिहिलंत म्हणून मी पण लिहितो. माझा सगळा जोर मास्कवर होता, कारण तो डोळ्यांसमोर दिसतो. पण बाईंचं आणि तुमचं वाचून वाटतं आधी ते हजेरीचं बक्षीस काढायला लावलं पाहिजे, मास्कचं नंतर भांडू. आपली मुलं एकाच शाळेत आहेत बहुतेक, परिपत्रकाची भाषा तीच दिसतेय. बुधवारी सकाळी मुख्याध्यापिकांना भेटायला जातोय. दोनच गोष्टी मागणार, बक्षीस रद्द, आणि आजारपणात बुडलेला अभ्यास बाई भरून देतील असं लेखी. आजोबांच्या डायरीतल्या दोन ओळी उचलल्या आहेत. येताय का?

पेठेतला म्हातारा:

उचला की. वकिली भाषेत मात्र लिहू नका.

डबा नंबर दोन:

बुधवारी सासूबाईंचा वार आहे, नऊच्या आत असेल तर येते. मास्क लावून येणार. आणि तुम्ही पण लावा, मुख्याध्यापिकांची खोली केवढीशी आहे आणि एसीमुळे खिडकी कायम बंद असते.