मास्क लावून घेतलेली तोंडी परीक्षा

कोरोनाच्या काळात शाळेतली तोंडी परीक्षा कशी घ्यायला हवी होती, या चर्चेत कुणीतरी लिहिलंय, 'मास्क लावून तोंडी घेण्यापेक्षा सगळ्यांची फोनवरच घ्यायला हवी होती.' हे म्हणणं मला पटत नाही. माझ्या वर्गात कितीतरी घरांत एकच फोन होता, तोही वडिलांबरोबर कामावर जाणारा. शिवाय मूल अडखळलं की रेंज गेली, हेच कळत नाही. २०२२ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावीच्या मराठीची तोंडी मी शाळेच्या व्हरांड्यात घेतली. मोकळी हवा, एका वेळी एकच मूल, बाक समोरासमोर न ठेवता तिरके. चिठ्ठ्या हातोहात फिरू नयेत म्हणून विषय फळ्यावर लिहिले आणि मुलांनी नुसता आकडा सांगायचा.

पण या चर्चेत अंतर आणि सॅनिटायझरवर इतकं बोलणं झालं, ऐकू येण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही. मास्कमधून स, श, फ हे आवाज फार दबतात. एका मुलीचं 'शाळा' मला 'साळा' ऐकू आलं आणि मी उच्चाराचा गुण कापणारच होते. पुन्हा म्हणायला लावलं तर श अगदी स्वच्छ! काय अन्याय झाला असता! तेव्हापासून शंका आली की शब्द पुन्हा म्हणून घ्यायचा, हे मी ठरवून टाकलं. आणि 'मोठ्यानं बोल' म्हणणं तर बंदच केलं. तसं म्हटलं की पोरं लगेच मास्क हनुवटीवर ओढतात, आणि मोठ्यानं बोलताना तुषारही जास्त उडतात. 'सावकाश बोल, मला घाई नाही' म्हटलं की मुलं सुटी सुटी, छान बोलायची.