'चिनी चहाने चरबी वितळते' – हे वाचून राहवलं नाही

कडूकिराईत: कालच्या धाग्यात कुणी लिहिलंय: 'चिनी वनौषधी हजारो वर्षं वापरात आहेत, म्हणजे अपाय नाहीच. स्लिमिंग चहाची एक पुडी रोज रात्री घ्या, चयापचय सुधारतं.' संताप आला. अशा पुड्यांत बहुधा सोनामुखी किंवा रेवाचिनी असते. दोन्हींचं काम मोठ्या आतड्यात. अन्नातले उष्मांक त्याआधीच लहान आतड्याने शोषून घेतलेले असतात. सकाळी काटा खाली दिसतो तो पाणी गेल्यामुळे, आणि पाण्यासोबत पोटॅशियमही जातं. पुडीत ज्येष्ठमध असेल तर ते आणखी घसरतं, वर रक्तदाब चढतो. पायांत गोळे, धडधड, गळून जाणं, सगळं तिथूनच.

नाडीपरीक्षा: पुडी म्हणजे चिनी वैद्यक नव्हे! रेवाचिनी (दाहुआंग) 3 ते 15 ग्रॅम देतात. जुलाब हवा असेल तर काढा उतरवायच्या थोडं आधी टाकायची, नको असेल तर पहिल्यापासून उकळायची, जोर कमी होतो. माहुआंगचं (इफेड्रा वनस्पतीचं) उलट. ते आधी एकटं उकळून वरचा फेस काढतात, मग बाकीची द्रव्यं. ही शिस्त पुडीवाल्याकडे कुठून असणार?

कडूकिराईत: फेस काढून माहुआंगमधलं इफेड्रिन (त्यातलं उत्तेजक द्रव्य) जात नाही, ते पाण्यात विरघळलेलं असतं. अमेरिकेत 2003 साली स्टीव्ह बेकलर हा बेसबॉलपटू गेला, त्यात इफेड्राचा हात असल्याचं मानलं गेलं. 2004 मध्ये बंदी आली.

नाडीपरीक्षा: बंदी पूरक गोळ्यांवर होती, पारंपरिक वापरावर नाही. अर्धवट सांगू नका.

कडूकिराईत: ठीक, तेवढं खरं. मग ब्रुसेल्सचं बोला. 1990 च्या सुमारास तिथल्या वजन उतरवण्याच्या दवाखान्यात डॉक्टरच चिनी वनौषधी लिहून देत होते. फांगजी या मुळीच्या जागी ग्वांगफांगजी, म्हणजे ॲरिस्टोलोकिया ही विषारी वनस्पती, आली. शंभरावर रुग्णांची मूत्रपिंडं गेली, बहुतेक बायका. पुढे त्यांतल्या 39 जणांची निकामी मूत्रपिंडं काढून तपासली, तर 18 जणांत मूत्रमार्गाचा कर्करोग सापडला.

नाडीपरीक्षा: ती नावाची चूक होती, पद्धतीची नाही.

कडूकिराईत: दोन वेगळ्या कुळांतल्या वनस्पतींना बाजारात 'फांगजी' म्हणायचं, ही पद्धतच!

तरोटा: नावांचा घोळ आपल्याकडे काय कमी आहे? वजनाच्या चिनी काढ्यांत येणारं ज्वेमिंगझी म्हणजे कोकणातल्या टाकळ्याचं, आमच्या विदर्भातल्या तरोट्याचं बी. 9 ते 15 ग्रॅम, भाजून. कच्चं घेतलं तर पोट ढिलं होतं. मंद आचेवर किंचित फुगून खमंग वास सुटेपर्यंत भाजलं की रेचक गुण कमी होतो. आता लोक घरचा टाकळा वाळवायला निघालेत, म्हणून हे लिहितोय.

आंबेमोहर: कृपा करून रानटाकळ्याचं बी घेऊ नका! तो कासविंदा. पश्चिम उत्तर प्रदेशात त्याच्या शेंगा खाऊन लहान मुलं दगावली आहेत. यकृत, स्नायू आणि मेंदू एकदमच जातात.

तरोटा: गावात दोन्हींना 'टाकळा'च म्हणतात, ओळखायचं कसं तेही सांगा ना.

आंबेमोहर: टाकळ्याच्या पानात पर्णिकांच्या 3 जोड्या, टोकं बोथट. कासविंद्यात 4-5 जोड्या, टोकं अणकुचीदार. टाकळ्याची शेंग बारीक, लांब, वाकडी. बी टोकेरी आणि चकचकीत. कासविंद्याची शेंग चपटी, बीही चपटं, निस्तेज. नुसतं वाळलं बी हातात आलं असेल आणि झाड पाहिलं नसेल, तर फेकून द्या.

नाडीपरीक्षा: टाकळा पुरे झाला. वजनासाठी बर्बेरीनवर तर अभ्यास झालेत ना? ते ह्वांगल्येन या चिनी कडू मुळीतलंच द्रव्य.

कडूकिराईत: झालेत, पण गणित करा. अभ्यासांत साधारण 500 मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, म्हणजे 1500. ह्वांगल्येनची मात्रा 2 ते 5 ग्रॅम, त्यात बर्बेरीन साडेपाच टक्क्यांच्या आसपास. 3 ग्रॅम घेतलं तर 165 मिलिग्रॅम. एवढं घेऊन अभ्यासातली वजनातली घट मिळेल? तीही सरासरी दोनेक किलोंची. शिवाय बर्बेरीनने रक्तातलं सायक्लोस्पोरिन (बसवलेलं मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून देतात ते औषध) वाढतं, मूत्रपिंड बसवलेल्यांनी लांब राहावं.

नाडीपरीक्षा: मात्रेचं पटलं. पण आमच्यात वजनासाठी एकटं ह्वांगल्येन कुणी देत नाही.

कडूकिराईत: मग पुढच्या वेळी पूर्ण काढा लिहा, प्रत्येक द्रव्याच्या लॅटिन नावासकट.