अ‍ॅफिलिएट संकेतस्थळ उभारण्यापूर्वी विषयाची कमाईची क्षमता कशी पडताळावी?

रात्रपाळी यांचा प्रश्न

नमस्कार. हौशी आकाशनिरीक्षकांसाठी दुर्बिणी, नेत्रिका (दुर्बिणीला डोळा लावायचे बदलते भिंग), तिपाया आणि तत्सम उपकरणांची पारख करून देणारे एक अ‍ॅफिलिएट संकेतस्थळ (आपल्या दुव्यावरून दुकानात झालेल्या विक्रीवर कमिशन मिळवणारे) सुरू करण्याचा माझा विचार आहे. विषयाची आवड आहे, थोडीफार जाणही आहे, त्यामुळे लिहायला काही सुचणार नाही अशी चिंता नाही. चिंता आहे ती वेगळीच: वर्षभर लिहीत राहावे आणि मग लक्षात यावे की या विषयाला वाचक भरपूर आहेत, पण ग्राहक नाहीत.

आतापर्यंत मी गूगल कीवर्ड प्लॅनरमध्ये या विषयाचे मासिक शोध पाहिले आणि आकडे उत्साह वाढवणारे वाटले. विशेष म्हणजे उल्कावर्षाव कधी आहे, शनी कधी दिसेल, अशा भरपूर शोधल्या जाणाऱ्या शब्दांपुढे स्पर्धेच्या रकान्यात 'कमी' असे लिहिलेले आहे. गूगल ट्रेंड्सवरचा आलेख मात्र मला नीटसा समजलेला नाही. तो मधूनच एकदम उंच जातो आणि तेवढ्याच वेगाने खाली येतो.

डोमेन घेण्यापूर्वी आणि पहिला लेख लिहिण्यापूर्वी या विषयातून खरोखर किती मिळू शकेल, याचा विश्वासार्ह अंदाज कसा बांधावा? जाणकारांनी आपली पद्धत सविस्तर सांगितल्यास आभारी राहीन.

हिशेबनीस यांचे उत्तर

प्रथम त्या 'कमी' स्पर्धेबद्दल, कारण नेमक्या याच रकान्यामुळे अनेकांची दिशाभूल होते. कीवर्ड प्लॅनर हे जाहिरातदारांसाठी बनवलेले साधन आहे आणि त्यातील स्पर्धा म्हणजे त्या शब्दावर जाहिरात देऊ इच्छिणाऱ्यांची स्पर्धा. शोधाच्या निकालात वर येणे सोपे आहे की अवघड, याच्याशी त्या रकान्याचा काहीही संबंध नाही. उलट, भरपूर शोध असूनही जाहिरातदार फिरकत नसतील, तर त्या शब्दापाशी विकत घेणारा माणूस येत नाही असाच त्याचा बहुधा अर्थ होतो. त्याच तक्त्यात पानाच्या वरच्या भागातील जाहिरातीसाठी लावल्या जाणाऱ्या बोलीची खालची आणि वरची मर्यादा दिलेली असते. त्या बोलीकडे पाहा. शोधांच्या संख्येपेक्षा ती अधिक प्रामाणिक असते, कारण तिच्यामागे कोणाचे तरी पैसे असतात.

आता मुख्य हिशेब. शोधांच्या आकड्यापासून सुरुवात न करता एक हजार वाचकांमागे किती उत्पन्न पडेल तेथून सुरुवात करावी, असे माझे ठाम मत आहे. एका मध्यम दुर्बिणीची किंमत 100 माना, म्हणजे चलनाचा प्रश्नच येणार नाही. महिन्याला 10,000 वाचक आले, त्यांपैकी 20 टक्क्यांनी दुकानाचा दुवा दाबला, म्हणजे 2,000 जण दुकानात पोहोचले. त्यांतील 3 टक्क्यांनी खरेदी केली, म्हणजे 60 विक्री झाल्या. कमिशन 4 टक्के धरले, तर 60 गुणिले 100 गुणिले 4 टक्के, म्हणजे 240. परत आलेल्या मालाचे 10 टक्के वजा केल्यावर 216 उरतात. हे सर्व दर मी गृहीत धरलेले आहेत आणि नव्या संकेतस्थळासाठी ते उदारच आहेत. एवढे करूनही 10,000 वाचकांच्या बदल्यात दोन दुर्बिणींच्या किमतीहून किंचित जास्त रक्कम हाती पडते, आणि हजार वाचकांमागे सुमारे 22.

हे वाचून खचून जाण्याचे कारण नाही, पण आता खर्च याच एककात मांडा. परीक्षणासाठी घ्यावी लागणारी उपकरणे, होस्टिंग, छायाचित्रण आणि संपादन मिळून 1,500 लागले असे समजा. महिन्याला 216 या दराने ते वसूल होण्यास सुमारे सात महिने लागतील, आणि हे सात महिने मोजायचे ते 10,000 वाचकांचा टप्पा गाठल्यानंतर. तो टप्पा गाठण्यासच वर्ष लागले तर त्यात आश्चर्य नाही. स्वतःच्या श्रमांचे मोल यात कोठेही धरलेले नाही, आणि बहुतेक लोक ते धरतच नाहीत, म्हणून त्यांना सगळेच विषय फायद्याचे दिसतात.

याच तक्त्यात एकेक आकडा बदलून पाहिला की विषयाचा स्वभाव कळू लागतो. उदाहरणार्थ, केवळ दुर्बिणी विकणाऱ्या एखाद्या खास दुकानाचे कमिशन 7 टक्के आहे, पण लोकांना ते दुकान परिचित नसल्यामुळे 3 ऐवजी 2 टक्केच खरेदी करतात, असे समजा. विक्री 60 वरून 40 वर येतात, तरी कमिशन 280 होते, म्हणजे परतीपूर्वीच्या 240 पेक्षा अधिक. याउलट अ‍ॅमेझॉनसारख्या सर्वसाधारण दुकानात तुमच्या दुव्यावरून गेलेल्या माणसाने दुर्बिणीऐवजी दुसरीच वस्तू घेतली तरी तिचे कमिशन मिळू शकते, मात्र कुकीची (तो तुमच्या दुव्यावरून आल्याची नोंद, जी टिकेपर्यंतच कमिशन मिळते) मुदत 24 तासांची असते. दुर्बिणीसारखी वस्तू माणूस एका बैठकीत घेत नाही. तो आठवडाभर वाचतो, कोणाला तरी विचारतो आणि मग घेतो. तोवर तुमची कुकी संपलेली असते. म्हणून जितकी महाग आणि विचारपूर्वक घेण्याची वस्तू, तितके कुकीच्या मुदतीला महत्त्व जास्त.

आणखी एक गोष्ट. सगळे उत्पन्न एकाच कार्यक्रमावर अवलंबून असेल, तर तो विषय फायद्याचा आहे असे म्हणता येत नाही. एप्रिल 2020 मध्ये अ‍ॅमेझॉनने अमेरिकेतील फर्निचर आणि घरदुरुस्ती या गटांचे कमिशन 8 टक्क्यांवरून 3 टक्क्यांवर आणले. त्या गटांत काम करणाऱ्यांचे वाचक, लेख आणि शोध-निकालांतील क्रमांक होते तसेच राहिले, उत्पन्न मात्र निम्म्याहून कमी झाले. तुमच्या विषयात एकमेकांशी संबंध नसलेले तीन तरी विक्रेते अ‍ॅफिलिएट कार्यक्रम चालवतात का, हे आधी शोधा.

नेत्रिका यांचे उत्तर

मी व्यवसायाच्या बाजूने नव्हे, तर या छंदाच्या बाजूने लिहीत आहे, कारण वरच्या हिशेबातील 'परत आलेला माल' हा आकडा या विषयात सर्वांत फसवा ठरू शकतो.

नवशिक्याच्या हाती प्रथम पडते ती खोक्यावर '525 पट' असे छापलेली स्वस्त दुर्बीण. भिंगाच्या व्यासाच्या प्रत्येक मिलिमीटरमागे साधारण 2 पट, इतकीच वर्धनक्षमता प्रत्यक्षात उपयोगी पडते. म्हणजे 60 मिलिमीटरच्या दुर्बिणीची उपयुक्त मर्यादा सुमारे 120 पट, आणि 70 मिलिमीटरची सुमारे 140 पट. 525 पटीला अंधूक, थरथरता डाग दिसतो, तिपाई वाऱ्याने हलते आणि पहिल्या आठवड्यातच खोके दुकानाकडे परत निघते. वस्तू परत गेली की कमिशनही जाते. त्यामुळे या विषयातील सर्वाधिक खपाच्या वस्तू विक्रीच्या तक्त्यावर आकर्षक दिसतात, पण हाती काय उरते हे वेगळेच असते. त्या वस्तू सुचवणाऱ्या लेखकाची पत जाते ती तर कोणत्याच तक्त्यात येत नाही.

पैसा जेथे टिकतो ती जागा दुसरी आहे. चांगली दुर्बीण घेतलेला माणूस पुढे नेत्रिका, बार्लो भिंग (नेत्रिकेचे वर्धन वाढवणारे), चंद्रासाठी फिल्टर, लाल दिवा अशा वस्तू घेत राहतो. नेत्रिकांचे माप बहुतांशी 1.25 इंच किंवा 2 इंच असे ठरलेले आहे, त्यामुळे 'माझ्या दुर्बिणीला पुढची नेत्रिका कोणती घ्यावी' या प्रश्नाला नेमके उत्तर देता येते. असे प्रश्न शोधणारे थोडे असतात, पण ते खरेदीच्या दाराशी उभे असतात आणि समाधानी असल्यास पुन्हा येतात. 'आज आकाशात काय दिसेल' असे शोधणाऱ्या हजारो लोकांचे तसे नाही. त्यांना उत्तर शोधाच्या पानावरच मिळते, आणि मिळाले नाही तरी त्यांना काही विकत घ्यायचे नसते.

ट्रेंड्सच्या आलेखाबद्दल: त्यातील आकडे 0 ते 100 असे सापेक्ष असतात, म्हणजे निवडलेल्या कालखंडातील सर्वोच्च क्षणाला 100 मानून बाकी सगळे त्याच्या तुलनेत मोजले जाते. 8 एप्रिल 2024 चे खग्रास सूर्यग्रहण त्या कालखंडात आले की उरलेली वर्षे सपाट दिसणारच. 21 डिसेंबर 2020 ची गुरू-शनी युती असाच एक कळस आहे. ऑगस्टमधील ययाती आणि डिसेंबरमधील मिथुन उल्कावर्षावाच्या सुमारास दरवर्षी छोटी उसळी असते, आणि वर्षअखेरीस भेटवस्तूंमुळे खरेदी वाढते. ग्रहणाचे शब्द वगळून पाच वर्षांचा आलेख पाहा; तळाची रेषा वर चढते आहे की खाली येते आहे, एवढेच त्यातून घ्यायचे.

जाता जाता एक इशारा. 12 ऑगस्ट 2026 आणि 2 ऑगस्ट 2027 या दोन खग्रास सूर्यग्रहणांमुळे ग्रहण-चष्म्यांवर संकेतस्थळ काढण्याचा मोह अनेकांना होतो. ती वस्तू अतिशय स्वस्त, मागणी काही आठवड्यांची, आणि जबाबदारी मात्र डोळ्यांची. 2017 च्या अमेरिकेतील ग्रहणापूर्वी, आयएसओ 12312-2 या डोळ्यांच्या सुरक्षेच्या मानकाची खात्री पटवता न आलेल्या चष्म्यांचे पैसे अ‍ॅमेझॉनने ग्राहकांना परत केले होते. पैसे परत गेलेल्या खरेदीवर कमिशन मिळत नाही, हे वेगळे सांगायला नकोच.

तळटीप यांचे उत्तर

हिशेबनीस यांच्या तक्त्याशी माझे थोडे मतभेद आहेत. तक्ता चुकीचा नाही, पण पाच गृहीतकांचा गुणाकार करून आलेल्या 216 या आकड्यावर माणूस नकळत विश्वास ठेवू लागतो. प्रत्येक गृहीतक निम्म्याने चुकले, तर उत्तर काही पटींनी चुकते. मी आधी एक साधी पाहणी करतो आणि तिच्यात विषय टिकला तरच तक्ता उघडतो.

खरेदीच्या हेतूने केले जाणारे वीस-पंचवीस शोध घ्या, खाजगी विंडोमध्ये ते करून पाहा आणि पहिल्या पानावर कोण आहे ते लिहून काढा. सर्वत्र उत्पादक, मोठी वृत्तपत्रे, भलीमोठी दुकाने आणि रेडिटवरच्या चर्चा असतील, तर नव्या माणसाला तेथे जागा नाही असे समजावे, मग विषय कितीही किफायतशीर असो. मात्र चार-पाच शोधांत जरी एखाद्या लहान, स्वतंत्र, मर्यादित लेखांच्या संकेतस्थळाला स्थान मिळालेले दिसले, तर वाट आहे. त्या संकेतस्थळावर कोणत्या दुकानांचे दुवे आहेत, लेख कधी अद्ययावत केले आहेत, छायाचित्रे स्वतःची आहेत की उत्पादकाची, हे बारकाईने पाहा. कोणी लहान माणूस तीन-चार वर्षे नेटाने एखादा विषय चालवतो आहे, यापेक्षा मोठा पुरावा कोणत्याही साधनातून मिळत नाही.

गूगलने एप्रिल 2021 पासून शोध-निकालांच्या क्रमवारीत उत्पादन-परीक्षणांसाठी वेगळे बदल आणले आणि डिसेंबर 2022 मध्ये आपल्या गुणवत्ता-मार्गदर्शिकेत प्रत्यक्ष अनुभवाचा निकष जोडला. वस्तू न हाताळता दहा वस्तूंच्या याद्या करणाऱ्यांचे दिवस त्यामुळे अवघड झाले आहेत. याचा अर्थ असा की परीक्षणासाठी उपकरणे मिळवण्याचा खर्च टाळता येणार नाही. मात्र दुर्बिणी जुन्या बाजारात पुन्हा विकता येतात आणि आकाशनिरीक्षण मंडळांकडून वापरायलाही मिळतात. 1,500 या अंदाजाची छाननी त्या दृष्टीने करावी.

रात्रपाळी यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सुचवल्याप्रमाणे पाहणी केली. 'नवशिक्यांसाठी उत्तम दुर्बीण' या धर्तीच्या सर्व शोधांत मोठी नावे ठाण मांडून आहेत. नेत्रिका, जुळणारे सुटे भाग आणि विशिष्ट दुर्बिणींतील अडचणी यांच्याशी संबंधित शोधांत मात्र दोन लहान संकेतस्थळे वारंवार दिसली, आणि दोन्हींवर खास दुकानांचेच दुवे आहेत. त्यामुळे केवळ सुट्या उपकरणांपासून सुरुवात करावी असा विचार आहे.

एक शंका उरते. दुवा दाबणाऱ्यांपैकी किती जण खरेदी करतात, हा आकडा संकेतस्थळ नसताना मिळवण्याचा काही मार्ग आहे का? हिशेबनीस यांचे 3 टक्के नेत्रिकांना लागू होतील का?

हिशेबनीस यांचे उत्तर

ते 3 टक्के नेत्रिकांना जसेच्या तसे लावू नका. नेत्रिकेची किंमत 20 धरली, तर 7 टक्क्यांनी एका विक्रीमागे 1.4 मिळतात, मघाच्या 280 पर्यंत पोहोचायला 200 विक्री लागतील, म्हणजे 2,000 क्लिकमागे 10 टक्के. खरेदीच्या दाराशी उभा असलेला वाचक असला, तरी हे प्रमाण फार मोठे आहे. म्हणून सुट्या उपकरणांनी वाचक आणि विश्वास मिळवावा, आणि त्याच लेखांतून पुढच्या मोठ्या दुर्बिणीकडे नेणारी वाट ठेवावी. केवळ नेत्रिकांवर हिशेब जुळणे कठीण दिसते.

आकडा मिळवण्याचा मार्ग असा: अनेक अ‍ॅफिलिएट नेटवर्क (विक्रेते आणि संकेतस्थळे यांना जोडणारे मध्यस्थ) प्रत्येक विक्रेत्यापुढे प्रतिक्लिक सरासरी उत्पन्न दाखवतात. तो आकडा किती क्लिकसाठी आहे ते आधी पाहा, कारण सीजेसारख्या नेटवर्कमध्ये तो 100 क्लिकमागचा असतो आणि नवखे लोक त्याला एका क्लिकचा समजतात. शिवाय ही सरासरी सर्व प्रकारच्या सदस्यांची असते. त्यात सवलतीचे कूपन देणारी संकेतस्थळे असतात, ज्यांच्याकडे ग्राहक खरेदी पक्की करूनच शेवटच्या क्षणी जातो. त्यामुळे आकडा फुगलेला असतो. निम्मा धरून चाला. विक्रेत्याच्या कार्यक्रम-व्यवस्थापकाला पत्र लिहून लेखन करणाऱ्या संकेतस्थळांची वेगळी सरासरी, रद्द होणाऱ्या कमिशनचे प्रमाण आणि कमिशन पक्के होण्यास लागणारे दिवस, या तीन गोष्टी विचारा. बरेच जण उत्तर देतात.

अ‍ॅमेझॉनचे खाते मात्र एवढ्यात उघडू नका. नव्या सदस्याला पहिल्या 180 दिवसांत किमान तीन पात्र विक्री दाखवाव्या लागतात, नाहीतर खाते बंद होते. लेखांवर नियमित वाचक येऊ लागल्यानंतर अर्ज केला तरी काही बिघडत नाही.