नळीवरचे नाव आणि भिंगाचा कर्ता

दुर्बिणीच्या नळीवर 'ग्रब, डब्लिन' असे कोरलेले दिसले की ती अपवर्तक, म्हणजे भिंगाची, दुर्बीण डब्लिनच्या ग्रब या दुर्बीण घडवणाऱ्यांचीच, असे एका प्रतिसादात म्हटले होते; पुण्याची २० इंची दुर्बीणही त्यात ग्रब यांची अपवर्तक म्हणून धरली होती. ते अपुरे वाटते. कोडाईकनाल वेधशाळेची ६ इंची दुर्बीण पाहा. ती पॅरिसच्या लेरेबूर व सेक्रेतां यांनी घडवलेली असून १८५० मध्ये मद्रास वेधशाळेत आली, आणि ग्रब यांनी १८९८ मध्ये केली ती फक्त तिची पुनर्रचना. आमच्या नाशिकच्या तांबट आळीतही जुन्या भांड्याला नवा बूड बसवणारा आणि मूळ घडवणारा वेगळे असू शकतातच की! म्हणून वस्तुभिंग (पुढचे मुख्य भिंग), नळी, बैठक आणि घड्याळयंत्र (दुर्बीण ताऱ्यांमागे फिरवणारे यंत्र) यांचा इतिहास वेगवेगळा तपासावा, आणि त्यासाठी वेधशाळांचे वार्षिक अहवाल नळीवरील कोरीव अक्षरांपेक्षा अधिक विश्वासार्ह मानावेत, असे माझे मत आहे.

दुसरी दुरुस्ती पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेची. खगोलशास्त्रज्ञ कावसजी नायगमवाला यांची तेथील प्रसिद्ध २० इंची दुर्बीण ग्रब यांचीच होती, पण ती परावर्तक, म्हणजे आरशाची होती. वेधशाळा १९१२ मध्ये बंद झाल्यावर ती कोडाईकनालला गेली. ग्रब यांची मोठी अपवर्तक दुर्बीण हवी असेल, तर हैदराबादच्या निजामिया वेधशाळेची १५ इंची पाहावी.