मदत हवी आहे: हार्ड डिस्कचा इशारा खोटा होता, पण डिस्क खरंच जातेय का?

नमस्कार मंडळी,

घाईत लिहितेय, मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या. कोथरूडला बाबांचा डेस्कटॉप आहे, विंडोज १०, १ टीबीची साधी फिरणारी हार्ड डिस्क, २०१६ मध्ये घेतलेली. बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झाल्यावर मोडी शिकले आणि गुहागरच्या घरातले जुने कागद स्कॅन करून एकेक ओळ देवनागरीत लावत बसतात. सात वर्षांचं काम त्या एका डिस्कवर आहे आणि बॅकअप नाही.

दोन आठवड्यांपूर्वी दुपारी त्यांचा फोन आला, आवाज कापत होता आणि मागे भोंगा वाजत होता. स्क्रीन पूर्ण लाल, त्यावर इंग्रजीत की तुमची हार्ड डिस्क निकामी होतेय, कॉम्प्युटर बंद करू नका, ५ मिनिटांत सगळ्या फाइल्स जातील, खाली सेकंद उलटे पळतायत आणि मोठ्या अक्षरात एक फोन नंबर. माऊसचा बाण पण गायब. बाबांनी तो नंबर कॅलेंडरच्या मागे लिहून घेतला होता, लावणारच होते, पण आधी मला लावला हे नशीब. मी म्हटलं बाबा फोन ठेवू नका, ऑल्ट दाबून धरा आणि एफ४ दाबा. पहिल्यांदा काही झालं नाही, दुसऱ्यांदा गेलं सगळं. साधं वेबपेज होतं, ब्राउझर फुल स्क्रीन करून बसलेलं. नंतर बघितलं तर कुठल्यातरी साइटवर त्यांच्याकडून "अलाउ" दाबलं गेलं होतं, तिथून उजव्या कोपऱ्यात नोटिफिकेशन येत होती, अगदी विंडोजचीच वाटावीत अशी. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन ती साइट काढून टाकली, डिफेंडरने पूर्ण स्कॅन केला, काही सापडलं नाही.

मी बाबांना ठामपणे सांगितलं की वेबपेजला आपल्या हार्ड डिस्कची तब्येत वाचताच येत नाही, त्यामुळे हे सगळं खोटं आहे, मनातून काढून टाका. ते बरोबरच होतं. पण पुढच्या आठवड्यात बाबा दोनदा म्हणाले की अगं स्कॅनचा फोल्डर उघडायला फार वेळ लागतो, आतून टकटक येतं, आणि दोन्ही वेळा मी म्हटलं बाबा तो इशारा खोटा होता, सांगितलं ना. ते गप्प बसले. याचं मला फार वाईट वाटतंय.

रविवारी स्वतः जाऊन बसले. फोल्डर उघडला, वरची हिरवी पट्टी अर्ध्यावर थांबली, कॅबिनेटमधून टक्... टक्... मग काहीच नाही, मग पुन्हा टक् आणि एकदम सगळे फोटो आले. क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं ॲप) टाकून बघितलं तर पिवळं, "कॉशन". खालच्या आकड्यांच्या यादीत ०५ समोर सगळे शून्य, सी५ समोर शेवटी १८, सी६ शून्य, सी७ पण शून्य. इव्हेंट व्ह्युअरमध्ये (विंडोजची चुकांची नोंदवही) तर लाल-पिवळ्या खुणांची रांगच आहे, त्यातल्या कुठल्या कामाच्या तेच कळत नाही.

जवळच्या एका दुकानात दाखवलं तर त्यांनी काही जोडून न बघताच सांगितलं डिस्क गेली, डेटा काढायचे १८ हजार, कॅबिनेट ठेवून जा. दुसऱ्याने फोनवर सांगितलं काही नाही हो, केबल सैल असेल, तपकीर गल्लीतून एक साटा केबल (डिस्क मशीनला जोडणारी) आणा. कॅबिनेट परत घरी आणलंय, बंद करून ठेवलंय. मला विचारायचंय की १) यातला खरा कोण, २) आधी काय करू, चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासणी) चालवू का, ३) बाबांना पुढच्या वेळी खरं-खोटं कसं ओळखायचं ते साध्या शब्दांत कसं सांगू.

प्रतिसाद

ताई, पहिलं म्हणजे चेकडिस्क स्लॅश आर (खराब जागा शोधणारा प्रकार) अजिबात चालवू नका, डीफ्रॅग (फाइल्सची फेरमांडणी) पण नको. ते अख्खी डिस्क वाचत सुटतं, आणि दुखऱ्या डिस्कला तेवढा ताण नको. आधी डेटा बाहेर, मग तपासणी. नवीन एक्सटर्नल डिस्क आणा, चालू केल्या केल्या फक्त बाबांचं काम कॉपी करा, गाणी-सिनेमे राहू देत. ज्या फाइलवर अडकेल ती सोडून पुढे जा.

केबल नाही. केबलचा दोष असता तर सी७ चा आकडा चढला असता, तुमचा शून्य आहे. सी५ म्हणजे पेंडिंग सेक्टर, जिथलं वाचता आलं नाही म्हणून डिस्कने बाजूला खूण करून ठेवलेल्या जागा. आणि ते १८ नाहीत, ते ॲप कच्चे आकडे हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या हिशोबात दाखवतं, म्हणजे २४ झाले. फंक्शन मेनूत ॲडव्हान्स्ड फीचरमध्ये रॉ व्हॅल्यूज १० वर करा. आकडा आज लिहून ठेवा, कॉपी झाल्यावर परत बघा, वाढत असेल तर डिस्क निघाली समजा. बॅकब्लेझ या ऑनलाइन बॅकअप कंपनीने २०१६ मध्ये त्यांच्याकडच्या हजारो डिस्कचे आकडे दिले होते, बंद पडलेल्यांपैकी ७६.७ टक्क्यांत ०५ (बदललेले सेक्टर), सी५, सी६ (दुरुस्त न होणारे सेक्टर) धरून ५ आकड्यांपैकी एकतरी शून्याच्या वर गेलेला होता, चालू डिस्कमध्ये हेच फक्त ४.२ टक्के. उरलेल्या काहीच न सांगता गेल्या, म्हणून हिरवं दिसलं तरी बॅकअप हवाच.

इव्हेंट व्ह्युअरमध्ये सिस्टिम लॉगला जाऊन सोर्स "डिस्क" एवढंच गाळून बघा. ७ नंबर म्हणजे बॅड ब्लॉक, ५२ म्हणजे डिस्कने स्वतःच सांगितलंय की मी जाणार. बाकी लाल खुणा कुठल्याही धडधाकट मशीनवर असतात. फोनवरचे भामटे नेमकं हेच पान उघडायला लावून घाबरवतात.

प्रतिसाद

दुकानदार १८ हजार म्हणाला ते डिस्क उघडून दुरुस्त करायच्या कामाचे दर वाटतात. तुमची डिस्क अजून ओळखली जातेय, फाइल्स उघडतायत, तेवढं लागू नये. मात्र टकटक सतत सुरू झाली किंवा बायोसमध्येच (विंडोजच्या आधी येणारी सेटिंग स्क्रीन) दिसेनाशी झाली तर तिथल्या तिथे बंद करा आणि घरी काही करू नका.

जुना प्रकार पण सांगतो. २०११ च्या सुमारास मी ऑफिसात सपोर्टला होतो तेव्हा "सिस्टिम फिक्स", "विंडोज रिकव्हरी" अशा नावांचे प्रोग्रॅम यायचे, मायक्रोसॉफ्टने त्या घराण्याला फेकसिसडेफ नाव दिलं होतं. तो वेबपेज नव्हता, मशीनमध्येच शिरायचा, डिस्क फेल म्हणून खिडक्या उघडायचा आणि डेस्कटॉप खरंच रिकामा दिसायचा. लोक रडकुंडीला यायचे. फाइल्स कुठेही गेलेल्या नसायच्या, फक्त हिडन केलेल्या, आणि स्टार्ट मेनूतले शॉर्टकट टेम्पमध्ये (तात्पुरत्या फाइल्सचा फोल्डर) हलवलेले. कुणी घाईत टेम्प साफ केलं की मात्र ते शॉर्टकट कायमचे जायचे. फाइल्स "गेल्या" पण डिस्कवरची जागा तेवढीच भरलेली दिसतेय, तर आधी हिडन फाइल्स दाखवा चालू करून बघा.

बाबांना एवढंच सांगा, ज्यात फोन नंबर आहे, पैसे मागितलेत किंवा मिनिटं मोजतायत, ते खोटं. मायक्रोसॉफ्टच्या एररमध्ये फोन नंबर नसतोच. आणि समोरचा एनीडेस्क (दुरून आपला कॉम्प्युटर चालवायचं ॲप) टाका म्हणाला की फोन ठेवायचा, रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच बँकांना त्याबद्दल सावध केलं होतं. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन. खरी डिस्क ओरडत नाही, ती मशीन सुरू होताना काळ्या स्क्रीनवर एक ओळ दाखवते किंवा नुसती हळू होते.

धागाकर्ती, अपडेट

दोघांचेही मनापासून आभार. एक्सटर्नल आणली, काल रात्री ९ ला बसलो ते पहाटे पावणेतीन. बाबा शेजारी वही घेऊन, जो फोल्डर झाला त्यावर टिक करत होते. ४१ पैकी ४० फोल्डर आले. "खोती १८७२" वर अडकलं, त्यातले ३ स्कॅन शून्यावरून हलत नव्हते, सोडून दिले. नंतर सी५ बघितला, आता दहाच्या हिशोबात ५६ आहेत, म्हणजे रात्रीत २४ चे ५६. इव्हेंटमध्ये ७ नंबरच्या १९ नोंदी. मशीन बंद करून वायर काढून ठेवलीय.

त्या ३ कागदांचे मूळ कागद गुहागरला काकांच्या पेटीत आहेत, परत स्कॅन होतील, पण बाबांनी त्या स्कॅनवरच बाजूला वाचन लिहिलं होतं ते फक्त इथेच आहे. डीडीरेस्क्यू (खराब डिस्कवरून डेटा वाचवायचा प्रोग्रॅम) वापरून अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, काढावी असं वाचलं, पुण्यात कुणी ते स्वतः केलेलं असेल तर सांगा, मी कॅबिनेट घेऊन येते, बाबा पण येतील.