'टू बॅरोज' म्हणजे दोन हातगाड्या? (शब्दचर्चा)

रानजाई:
इंग्लंडातल्या डार्टमूरच्या भटकंतीवर एका दिवाळी अंकासाठी लेख लिहिलाय. तिथे हॅमल डाऊन नावाची लांबलचक डोंगरधार आहे. तिच्या माथ्यावर कांस्ययुगातली, साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीची, मातीदगडांची गोल टेकाडं आहेत. मेलेल्याच्या अस्थी, राख त्यांच्या पोटात. इंग्रजीत बॅरो. नावंही साधी: सिंगल बॅरो, टू बॅरोज, ब्रॉड बॅरो. मी 'टू बॅरोज' तसंच ठेवलं होतं. मुद्रितशोधनातून परत आलेलं वाक्य असं: "धुकं विरलं आणि उघड्या माळावर दोन हातगाड्या दिसल्या."
हसून झालं. आता सांगा, मराठीत काय म्हणू? आणि मूर, म्हणजे तिथला उघडा, झाडं नसलेला उंचावरचा प्रदेश, त्याला माळ चालेल का? अंक शुक्रवारी छपाईला जातोय.

तळटीप:
टेकाड. विषय संपला.

रानजाई:
टेकाड आपसूकही असतं ना. हे कुणीतरी पाट्या टाकून रचलंय. ते शब्दात यायला हवं.

वऱ्हाडी_ठेचा:
पाट्या टाकून केलेलं काम चार हजार वर्षं टिकलं? आमच्या हापिसात कळवतो.
बाकी आमच्या नागपूरजवळ जुनापाणीला असंच काहीसं आहे. मोठमोठ्या धोंड्यांचं गोल कडं, आत मुरूम-मातीचा उंचवटा. शाळेच्या सहलीत तिथंच बसून डबे खाल्ले. मास्तर म्हणाले 'शिळावर्तुळ'. घरी येऊन आजीला सांगितलं तर म्हणे, "गवळी राजाचं हाय ते, तिथं काऊन जेवले?" आणि 'बॅरो' म्हणजे आमची 'बर्डी'च. सीताबर्डीवाली. घ्या, इंग्रजांना शब्द आम्हीच दिला.

तळटीप:
बर्डीचं राहू द्या. बॅरो हा जुन्या इंग्रजीतल्या 'बेओर्ग' वरून आला, अर्थ टेकडी. जर्मन 'बेर्ग' त्याचाच भाऊ. त्याच मूळ धातूचा आपल्याकडचा वारस म्हणजे संस्कृत 'बृहत्'. म्हणजे जुनापाणीच्या वर्तुळांना 'बृहदश्म' म्हणताना आपण नकळत बॅरोचाच चुलतभाऊ उच्चारतो. हातगाडीतला बॅरो निराळा. तो 'वाहून नेणे' या अर्थाच्या धातूचा. लिहायला सारखे, नातं काही नाही.

भाषाव्रती:
मग अडलंय कुठे? 'शवस्तूप' म्हणा. स्तूप या शब्दाचा मूळ अर्थच रास, ढीग. शिवाय स्तूपात अस्थी ठेवत. दफनटेकाड वगैरे फारसी-मराठी खिचडी नको.

वऱ्हाडी_ठेचा:
दफन अरबी आहे. खिचडीत डाळ कुठली ते तरी नीट पाहा.

सड्यावरची:
स्तूप म्हटलं की वाचकाच्या डोळ्यापुढे सांची येते, तोरण-बिरण सगळं. रानजाईताईंच्या टेकाडावर मेंढ्या चरत असणार.
मी मूरबद्दल बोलते. माळ नको. माळ म्हणजे कोरडा, मुरमाड, कुसळांचा. मूर ओला असतो ना? आमच्या रत्नागिरीकडचा 'सडा' बघा. उघडा, झाड नाही, वारा असा की छत्री उलटी. पावसात जागोजागी पाणी तुंबतं आणि श्रावणात फुलं.

तळटीप:
सड्याखाली जांभा, डार्टमूरखाली ग्रॅनाइट. वर पीट, म्हणजे न कुजता साठत गेलेल्या झाडोऱ्याची काळी, स्पंजासारखी माती. शिवाय देशावर सडा म्हणजे अंगणात शेणाचा.

सड्यावरची:
देशावर काय काय म्हणतात यावर आम्ही आमचे शब्द सोडायचे का?

वऱ्हाडी_ठेचा:
एवढं पाणी पिणारी जमीन, म्हणजे मूर हा 'मुरणे' वरूनच आला. इथंच कुठेतरी पाणी मुरतंय.
(तळटीपराव, हलके घ्या.)

रानजाई:
पीटवरून आठवलं. तिथल्याच व्हाइटहॉर्स हिल या साधारण ६०० मीटर उंचीच्या माथ्यावर पीटच्या ढिगाऱ्यात एक दगडी पेटी होती. २०११ मध्ये उघडली. आत तरुण वयाच्या, बहुधा एका मुलीच्या, जळालेल्या अस्थी. त्या अस्वलाच्या कातड्यात गुंडाळलेल्या. सोबत सालीच्या धाग्यांची विणलेली करंडी, दोनशेहून जास्त मणी, त्यात अंबराचेही (अंबर म्हणजे झाडाची दगड झालेली राळ). गाईच्या केसांची वेणी घालून केलेलं दंडात किंवा मनगटात घालायचं कडं, त्यावर कथलाच्या बारीक टिकल्या. आणि लाकडाच्या कानातल्या कुड्या, दोन जोड. एरवी चामडं, केस, साल काही उरत नाही. ओल्या पीटमध्ये हवा शिरत नाही म्हणून टिकलं. त्या कुड्यांचे फोटो मी किती वेळ बघत बसले होते. आपल्या बुगड्या-कुड्यांच्या डबीतच ठेवाव्यात अशा.
म्हणून 'शव' मला खटकतं. शव नव्हतंच, अस्थी होत्या. आधी दहन, मग हे.

भाषाव्रती:
मग 'अस्थिस्तूप'.

तळटीप:
राख पुरली तरी दफनच की. आणि प्रत्येक बॅरोत दहनच असं नाही, आख्खी माणसंही पुरलेली सापडतात.

धाकटी_पाती:
'रास' कसा वाटतो? आमच्या घाटात एका वळणावर दगडांचा ढीग होता. आजोबा बैलगाडीतून उतरून त्यावर एक धोंडा टाकायचे आणि मगच पुढे. कुणाचा म्हणून विचारलं तर "वाटेवर गेलेल्याचा" एवढंच. मलाही एक खडा उचलून द्यायचे.

सड्यावरची:
खळ्यात रास पुजतात हो. मेलेल्याला रास म्हटलं तर आमची आई जेवण वाढायची नाही.

ओला_बूट:
प्लिमथला राहतो, हॅमल डाऊनवर दोनदा गेलोय. एक गंमत सांगतो. त्या टेकाडांवर ड्यूक ऑफ सॉमरसेटच्या हद्दीचे दगड आहेत. हात फिरवला की शेवाळाखाली अक्षरं लागतात: डी एस, १८५४, आणि नाव. पण नाव 'बॅरो' असं नाहीच. 'टू बरोज', 'ब्रॉड बरो'. बरो म्हणजे बीळ! तेव्हा मुद्रितशोधकावर फार हसू नका. दगडावर कोरून ठेवणाऱ्यांनीही ते असंच लिहिलंय.
आणखी पुढे. याच डार्टमूरवर पूर्वी मांसासाठी आणि कातड्यासाठी ससे पाळत. त्यांना बिळं करायला सोपं जावं म्हणून मातीचे लांबट उंचवटे मुद्दाम रचत. लांबून बघितलं तर कुठला सशांचा आणि कुठला माणसाचा, चटकन कळत नाही.

वऱ्हाडी_ठेचा:
म्हणजे 'ससेटेकाड' पण लागणार. शुक्रवारच्या आत.

ओला_बूट:
टू बॅरोज १८७२ मध्ये उकरलं गेलं. उकरणारा स्पेन्स बेट हा प्लिमथचा दंतवैद्य. आत कट्यार, आणि तिच्या मुठीची अंबरची बोंडी, तिच्यावर सोन्याच्या टाचण्यांची बारीक नक्षी. चार हजार वर्षं टेकाडात सुखरूप राहिली आणि प्लिमथला आणल्यावर दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बफेकीत गेली. तिथेच राहू दिली असती तर.

तळटीप:
दंतवैद्यानं उकरलं म्हणजे मुळासकट.

रानजाई:
मंडळी, लेख दुरुस्त करणं निम्म्यावर आलंय. मी सध्या 'थडग्याचं टेकाड' लिहिलंय आणि मूरला 'ओला माळ'.

सड्यावरची:
ओला माळ! सडा लिहायला काय हात दुखतात?

भाषाव्रती:
थडगं म्हणजे बांधीव. ही रचीव. पुन्हा विचार व्हावा.

तळटीप:
विदर्भातली वर्तुळं लोहयुगातली, डार्टमूरच्या टेकाडांहून किमान पाच-सातशे वर्षांनी धाकटी. दोन्हींना एकच शब्द दिला तर वाचकाला वाटेल एकाच काळातल्या लोकांनी रचली. १८७९ मध्ये रिव्हेट-कार्नॅक हा इंग्रज अधिकारीही जुनापाणीच्या धोंड्यांवरचे वाटीसारखे खळगे बघून ब्रिटनमधल्या खळग्यांशी जुळवत बसला होता. सारखं दिसणं वेगळं, नातं वेगळं. हे मी बर्डीच्या वेळेलाच सांगत होतो.

रानजाई:
टेकाडाला 'टेकाड'च ठेवते मग. पहिल्यांदा येईल तिथे एक वाक्य घालीन की हे माणसांनी रचलंय. माळाचं उद्या बघते.

तळटीप:
माझा पहिला प्रतिसाद वाचावा.

धाकटी_पाती:
एक राहिलंच. त्या मुद्रितशोधकाचं 'हातगाडी' तरी बरोबर आहे का? इंग्रजी बॅरो एकचाकी, बांधकामावर माती वाहायला. हातगाडी म्हणजे भाजीवाल्याची, चार चाकांची.

वऱ्हाडी_ठेचा:
भाजीवाल्याचा तो ठेला. माल ओढून नेतात ती हातबंडी.

सड्यावरची:
मुंबईत हातगाडीला दोन चाकं. माणूस पुढून ओढतो.

खानदेशी_भरीत:
आत्ताच धागा वाचला. बॅरो काय ते माहीत नाही, पण जळगावला त्या चारचाकीला 'लोटगाडी' म्हणतात. लोटायची म्हणून लोटगाडी. यात चर्चा करण्यासारखं काय आहे?

भाषाव्रती:
'लोटणे' सकर्मक की अकर्मक, ते आधी ठरवू.